दाजींच्या पुस्तकातला उंच इमाम

दाजींचं नवं पुस्तक इमामाच्या हातात पडलं ते खाकी कागदात गुंडाळलेलं, आणि ते आणलं टायरवाल्यांनी. काहीतरी चुकलंय हे इथेच कळायला हवं होतं. दाजींचं पुस्तक आजवर दाजींच्याच हातून यायचं, पहिल्या पानावर 'ज्याच्या अरबीवर माझा संसार चालतो त्या मेहुण्यास' असं काहीबाही लिहून. टायरवाल्यांनी याआधी पुस्तक असं कधी आणलंच नव्हतं. एकदा कॅलेंडर आणलं होतं. त्यात प्रत्येक महिन्याला वेगळा टायर होता.

"दार लावा," टायरवाले म्हणाले.

इमामाने दार लावलं. मशिदीला लागून असलेली त्याची खोली म्हणजे एक खाट, एक टेबल, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देण्यासाठी एक स्टूल. इमामाची उंची बेताची होती. स्टुलावर चढूनही त्याला टाचा उचलाव्या लागत.

"कमिटीने या पुस्तकावर बहिष्कार टाकलाय," टायरवाले खाकी कागद सोडवत म्हणाले. ते मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष होते. "बहिष्कार टाकायचा तर आधी वस्तू बघायला नको? म्हणून एक प्रत विकत घेतली. सगळ्यांनी आळीपाळीने बघितली."

पुस्तकावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. नाव होतं 'मोकळी खिडकी', आणि खाली बारीक अक्षरात 'इस्लाम, विवेक आणि आपण'. दाजींच्या प्रत्येक पुस्तकात शेवटी 'आपण' असत. या 'आपण'मध्ये नेमकं कोण येतं यावरून दोन्ही बाजू दाजींना शिव्या घालत. एका बाजूचं म्हणणं, हा माणूस धर्म बुडवायला निघालाय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा माणूस कोट घालून धर्म पसरवतोय. टीव्हीवर त्यांच्या नावाखाली 'विचारवंत' अशी पट्टी यायची. एकदा चुकून 'हवामानतज्ज्ञ' अशी आली, आणि तेवढ्या एका दिवशी त्यांना कुणीही शिवी दिली नाही.

"मुडपलेलं पान उघडा. बाकीचं वाचू नका, डोकं फिरतं. मी वाचलेलं नाही, पण ज्यांनी वाचलं त्यांचं फिरलेलं बघितलंय."

मुडपलेल्या पानावर प्रकरण होतं, 'एका इमामाची कबुली'. त्यातला इमाम चांगला उंचापुरा होता. दाढीत चंदेरी केस होते. गाव समुद्रकाठचं होतं आणि तो बोलताना लाटांकडे बघत होता. इमामाने समुद्र फक्त टायरवाल्यांच्या कॅलेंडरवर पाहिला होता, टायरच्या मागे. त्यामुळे अर्धं पान तो अगदी निर्धास्त वाचत गेला. मग प्रकरणाचा शेवट आला.

'आई गेल्यानंतर कितीतरी महिने मी नमाज पढवत राहिलो,' पुस्तकातला उंच इमाम म्हणत होता. 'शब्द बरोबर होते, उच्चार बरोबर होते, मागच्या रांगा सरळ होत्या. फक्त आत कोणी नव्हतं. मी पढवत होतो, आणि आत कोणी नव्हतं.'

त्याखाली पान कोरं होतं. इमामाने घाईने पुढचं पान उलटलं, कारण पुढे आणखी काहीतरी असायलाच हवं होतं. पुढे 'व्याज, बँका आणि आपण' हे प्रकरण सुरू झालं होतं.

उंची खोटी होती, दाढी खोटी होती, समुद्र तर सपशेल खोटा होता. पण वाक्य त्याचं होतं. शब्द न् शब्द.

"कोण असेल हो हा घातकी?" टायरवाल्यांनी विचारलं. "इमाम असून असलं बोलायचं, आणि तेही कुणाजवळ? तुमचे दाजी आहेत, राग मानू नका."

"नाही मानत."

"तर कमिटीचं म्हणणं असं, की येत्या जुम्म्याला तुम्ही याचं खणखणीत उत्तर द्या. घरचाच माणूस बोलला की जास्त लागतं. आणि पुस्तकातल्या त्या इमामाचा आम्ही शोध लावलाय. नाक्यावरच्या मशिदीचे."

"ते समुद्रकाठचे आहेत?"

"नाहीत. पण बॅडमिंटन खेळतात."

टायरवाल्यांचं डोकं असंच चालायचं, आणि एरवी इमामाला ते आवडायचंही. त्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, ट्रकच्या टायरमधली हवा ते नुसत्या आवाजावरून सांगत. आणि दुसरी, त्यांनी एकदा खुद्द इमामाला लुकमा दिला होता.

लुकमा म्हणजे असं. नमाज पढवताना इमाम कुराणातली एखादी आयत विसरला, अडला, की मागे उभ्या असलेल्याने ती ओळ मोठ्याने सांगायची आणि इमामाने ती घेऊन पुढे जायचं. यात कुणाचा पाणउतारा होत नाही. उलट माहीत असून गप्प राहणारा चुकतो. नियम एवढाच, की लुकमा आपल्या इमामालाच द्यायचा. ज्याच्या मागे आपण उभे नाही अशा माणसाची चूक सुधारायला गेलो तर आपलीच नमाज मोडते. टायरवाल्यांना कुराणाचे अध्याय, म्हणजे सूरा, येत होत्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण एका पहाटे इमाम नेमका त्यांतल्याच एकीवर अडला, जी शेंबड्या पोरांनाही येते, आणि मागून टायरवाल्यांनी ओळ सांगितली. तेव्हापासून हवा भरायला आलेलं एकही गिऱ्हाईक ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटलेलं नव्हतं.

"तर मग जुम्म्याला," टायरवाले उठत म्हणाले. "आणि पुस्तक जपून ठेवा. बहिष्काराची एकच प्रत आहे."

ते गेल्यावर इमाम खाटेवर बसून राहिला. त्याला राग आला नव्हता. जिन्यात एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीसं झालं होतं.

दाजींचं पहिलं पुस्तक त्याने मदरशात असताना अरबी व्याकरणाच्या पुठ्ठ्यात लपवून वाचलं होतं. श्रद्धा आणि भीती या दोन सख्ख्या बहिणी नाहीत, असं त्यात एक वाक्य होतं. त्या वाक्याने त्याला वाचवलं होतं. इतर मुलं शिक्षकाच्या छडीला घाबरून पाठ करत, हा आवडीने करू लागला. पुढे दाजींचं प्रत्येक हस्तलिखित त्याच्याकडे येऊ लागलं. काम अरबी आयती तपासण्याचं, पण पेन्सिल मजकुरातही फिरायची. 'इथे घाई केलीत', 'हे त्या लोकांवर अन्याय करणारं आहे', असं तो समासात लिहायचा आणि दाजी ते बदलायचे. नातेवाइकांत दाजींना कुणी काही बोललं तर इमाम त्यांच्या बाजूने भांडायचा. दाढीवाला माणूस आपली बाजू घेतोय याचं दाजींना केवढं अप्रूप.

आणि आई गेल्यानंतरच्या त्या एका दुपारी, दाजींच्या अभ्यासिकेत, पंखा घरघरत असताना, त्याने ते सांगितलं होतं. जे बायकोला नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही, ते दाजींना. सगळं सांगितलं होतं. आत कोणी नव्हतं, हे सांगितलं. आणि मग हेही सांगितलं, की एका पहाटे मी साधी सूरा विसरलो आणि मागून कोणीतरी ती सांगितली. तेव्हा लक्षात आलं की आत कोणी नव्हतं तेव्हाही मागे होतं. आणि त्या दिवसापासून हळूहळू आतलंही परत आलं. दाजींनी चष्मा काढून डोळे पुसले होते. खांद्यावर हात ठेवला होता. तो हात इतका प्रेमाचा होता, की दुसऱ्या हातात पेन असेल अशी शंकाही इमामाला आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीच्या घरी गेला. ताईने दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच म्हणाली, "वाचलंस वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"मला छापून आल्यावर कळतं. दुसऱ्या पुस्तकात मी 'एक परिचित स्त्री' होते, विसरलास? इतकी वर्षं संसार केला, पोरं वाढवली, आणि पुस्तकात नुसती परिचित. मी तेव्हाच विचारलं होतं, अहो, परिचित स्त्री तुमचे मोजे धुते का? चहा टाकते. तू आत जा."

दाजी टेबलाशी होते. इमामाला बघून ते उठले, आणि जरा जास्तच पटकन उठले.

"ये, ये. अरे, प्रत पाठवणारच होतो."

"मिळाली. कमिटीने दिली."

"कमिटीने?" दाजींना बरं वाटलं ते लपलं नाही. "म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं तर."

"दाजी, ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

"म्हणूनच तर मी तुला ओळखू येण्यापलीकडे बदललं. उंच केलं. केस पांढरे केले. समुद्र दिला."

"उपकार झाले."

"चेष्टा करू नकोस. बघ, इतकी वर्षं मी एकच लिहीत आलोय, की मुसलमान माणसाला शंका येऊ शकते आणि तरी तो मुसलमान राहतो. लोक म्हणतात, दाखवा असा एक. मला तो दाखवायचा होता. तुझ्याइतका प्रामाणिक माणूस मला दुसरा भेटला नाही. ते प्रकरण म्हणजे तुझं कौतुक आहे रे."

"मग निम्मं कुठे गेलं?"

दाजींनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि दुसरीकडे ठेवला.

"पुढचं का नाही छापलं?" इमामाने विचारलं. "सूरा विसरलो ते. मागून सांगितलं ते. परत आलं ते."

"संपादक म्हणाले..."

"संपादकांना ते दिलं होतं तुम्ही?"

दाजी हरले की खरं बोलत. हा त्यांचा गुण होता. "नाही," ते म्हणाले. "मीच काढलं. ऐक, रागावू नकोस. शंका आली आणि पुढच्याच परिच्छेदात फिटली, तर ती शंका राहत नाही, सर्दी होते. वाचणारा म्हणतो, चला, बरा झाला बिचारा. कोऱ्या पानावर थांबलं की तो विचार करतो."

"तो विचार करतो की या माणसाच्या आत कोणी नाही."

"पण तेव्हा नव्हतंच ना?"

"तेव्हा नव्हतं. आता आहे. तुमच्या पुस्तकात मात्र मी कायमचा तसाच उभा राहणार, लाटांकडे बघत. शंका येऊ शकते म्हणता. परत येता येत नाही का? तेवढी मोकळी नाही का खिडकी?"

ताई चहा घेऊन आली, दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि एकच कप ठेवून गेली. कप भावासमोर ठेवला होता. दाजींनी सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पुढच्या आवृत्तीत बघू," दाजी म्हणाले.

शुक्रवारी मशीद गच्च भरली. इमामाने आपल्याच कबुलीला आपणच खणखणीत उत्तर द्यावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि रात्रभर विचार करूनही त्याला ते जमलं नव्हतं. शेवटी तो उभा राहिला आणि पाण्यावर बोलला. नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, वजूच्या जागेचा एक नळ खरोखरच गळत होता. थेंब थेंब करत हौदभर पाणी वाया जातं, गळका नळ वेळीच दुरुस्त करावा, आणि आपल्याकडे विश्वासाने दिलेली वस्तू सांडू देणं हा सुद्धा गुन्हाच आहे, एवढं बोलून तो थांबला.

मशीद खूश झाली. टायरवाल्यांनी त्याला मिठी मारली. "काय हाणलात हो," ते कानात म्हणाले. "गळका नळ. नाव न घेता. मला तर लगेच कळलं कोण ते."

"मी नळाबद्दलच बोललो."

"तेच तर," टायरवाले डोळा मारत म्हणाले.

कुणीतरी ते प्रवचन फोनवर टिपलं आणि 'गळक्या नळांना सडेतोड उत्तर' या नावाने ते घरोघरी फिरलं. नळ मात्र तसाच गळत राहिला, कारण तो आता प्रतीक झाला होता आणि प्लंबरला बोलवायचं धाडस कोण करणार. आणि रविवारच्या पुरवणीत दाजींचा लेख आला: 'गळका नळ आणि आपण'. प्रश्न म्हणजे गळती असं मानणाऱ्या, सगळं काही घट्ट बंद ठेवू पाहणाऱ्या मानसिकतेचा दाजींनी त्यात समाचार घेतला होता. 'असे संकुचित धर्मगुरू,' दाजींनी लिहिलं होतं, 'आणि माझ्या पुस्तकातला तो प्रामाणिक इमाम, यांच्यातला फरक वाचकांनीच पाहावा.'

इमामाने तो पाहिला. पाणी कुणाचं, नळ कुठला, प्रवचन कुणाचं, हे सगळं माहीत असलेल्या माणसाने तो लेख लिहिला होता. पहिल्या वेळी दाजींनी त्याचं वाक्य घेतलं होतं. या वेळी त्यांनी त्यालाच घेतलं, आणि केसाने गळा कापावा तसं, अगदी सुबक भाषेत. लेख चांगला उतरला होता. एका ठिकाणी फक्त घाई झाली होती; हाताला सवयीने पेन्सिल लागली, तेव्हा ती त्याने खाटेखाली फेकली.

त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या मशिदीचे इमाम आले. खांद्याला रॅकेटची पिशवी होती. ते खरोखरच उंच होते.

"माझ्या मशिदीत माझ्याबद्दल बैठक आहे," ते म्हणाले. "सगळे म्हणतायत पुस्तकातला तो मीच."

"तुम्ही सांगा ना, की नाही म्हणून."

"तिथेच अडलंय. सांगायला तोंड उघडलं आणि आठवलं, एका वर्षी, धाकटी आजारी होती तेव्हा, माझंही अगदी तसंच झालं होतं. मी कुणाला बोललो नाही. पण आता नाही कसं म्हणू? मी म्हटलं नव्हतं एवढंच. म्हणू शकलो असतो." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "कोण असेल तो बिचारा? भेटला तर त्याला विचारणार आहे, मग पुढे काय झालं. पुस्तकात दिलेलंच नाही."

पुढे काय झालं ते इमामाच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे तो बिचारा कोण हेही सांगावं लागणार होतं, आणि तेवढी हिंमत झाली नाही. "पाणी घेणार?" त्याने विचारलं. नाक्यावरचे इमाम पाणी पिऊन गेले.

वाचनालयाच्या सभागृहात दाजींच्या पुस्तकाचं जाहीर वाचन होतं. कमिटी निषेध करायला आली. फलक दाराशी काढून घेतले, म्हणून सगळे आत जाऊन रिकाम्या दिसल्या त्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसले. संयोजकांना वाटलं, हेच ते बोलावलेले पाहुणे. त्यांनी प्रत्येकाला पुष्पगुच्छ दिला. टायरवाले मांडीवर गुलाब घेऊन निषेध करत बसले होते. शेवटच्या रांगेत, ताईच्या शेजारी, इमाम होता. तू यायलाच हवंस, एवढंच ताई म्हणाली होती. का, ते तिने सांगितलं नव्हतं.

दाजी सुरेख वाचत. त्यांनी तेच प्रकरण निवडलं होतं. समुद्र आला, लाटा आल्या, चंदेरी दाढी आली. ताईने भावाच्या काळ्या दाढीकडे एकदा बघून घेतलं.

"शब्द बरोबर होते," दाजी वाचत होते. "उच्चार बरोबर होते, मागच्या रांगा सरळ होत्या. फक्त आत कोणी नव्हतं. मी पढवत होतो, आणि आत कोणी नव्हतं."

आणि ते थांबले. पुस्तकात पान कोरं होतं तेवढं थांबले. सभागृह स्तब्ध झालं.

आता, इमामाचं आयुष्य गेलं होतं या अशाच थांबण्यात. पुढे कुणीतरी वाचतोय, ओळ तुटते, शांतता पसरते, आणि मागे ज्याला पुढचं येतं त्याच्या गळ्यात ते आपोआप चढतं. तिथे विचाराला वेळच नसतो. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून, ना चढा ना हळू, अगदी मशिदीतल्या आवाजात इमाम म्हणाला:

"पण आत कोणी नव्हतं तेव्हाही मागे होतं."

आणि दाजी, ज्यांचं लहानपण आजोबांच्या मागे रांगेत उभं राहण्यात गेलं होतं, ज्यांनी त्यानंतर आयुष्यभर कोट घातला होता, त्यांनी लुकमा घेतला. मान खाली, डोळे पुस्तकावर, माइकमध्ये ते म्हणाले, "पण आत कोणी नव्हतं तेव्हाही मागे होतं."

"एका पहाटे मी साधी सूरा विसरलो," इमाम म्हणाला.

"एका पहाटे मी साधी सूरा विसरलो," दाजी म्हणाले, आणि मग आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला.

पहिल्या रांगेत टायरवाले गुलाब घेऊन उभे राहिले.

"ती सूरा मी सांगितली होती," ते म्हणाले.

"प्रश्नोत्तरं नंतर आहेत," संयोजक म्हणाले.

टायरवाल्यांनी ते ऐकलंच नाही. आयुष्यात त्यांनी एकदाच लुकमा दिला होता आणि तो कुणाला दिला हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. ते हळूहळू मागे वळले आणि खुर्च्यांवरून थेट शेवटच्या रांगेकडे बघत राहिले.

बाहेर पायऱ्यांवर ते इमामाला म्हणाले, "आधी त्या बॅडमिंटनवाल्यांची माफी मागायला हवी."

"मी जातो."

"मीही येणार." गुच्छ अजून त्यांच्या हातातच होता. ठेवायला जागा सापडत नव्हती. "इमामसाहेब, एक विचारू? इतकी वर्षं मी दिसेल त्याला सांगत सुटलोय, इमाम अडला आणि मी सांगितलं. गिऱ्हाइकं कंटाळली, बायको कंटाळली. मला वाटायचं, मी एक ओळ सांगितली. त्या ओळीने खरं काय झालं, ते तुम्ही या कोटवाल्याला सांगितलंत. मला नाही."

"तुम्हाला कसं सांगणार होतो? मी तुमच्यापुढे उभा होतो."

"मागे वळून," टायरवाले म्हणाले. "मागे वळून सांगायचं. आम्ही तिथेच होतो की."

दाजींबद्दल इमामाला जे जे वाटत होतं, ते सगळं या माणसाच्या तोंडावर त्याला दिसत होतं, आणि ते त्याच्याबद्दल होतं.

कमिटीची बैठक झाली. त्या महिन्यांतल्या नमाजा ग्राह्य धरायच्या की नाही, हा पहिला मुद्दा. एका सदस्याचं म्हणणं, टायरमध्ये हवा नसेल तर गाडी कशी चालेल. टायरवाल्यांनी त्याला गप्प केलं. टायरचं मला सांगू नका, म्हणाले, गाडी पोचली ना? शेवटी ठरलं ते असं, की नमाजा ठीक आहेत, इमामाचं मात्र बघावं लागेल. बघून होईपर्यंत त्याने मागे रांगेत उभं राहायचं. पुढे कोण, या प्रश्नावर सगळ्यांनी छताकडे पाहिलं, आणि ते टायरवाल्यांवर आलं. त्यांच्या सूरा त्याच त्या असल्याने आज कोणती येणार ते आता लोक आधीच ओळखत. लुकमा द्यायची पाळी मात्र आली नाही. मोजक्याच होत्या, पण पक्क्या होत्या.

मग एका दुपारी ताई आली. पिशवीत हस्तलिखित होतं.

"दुसरी आवृत्ती निघतेय. नवं प्रकरण घातलंय. अरबी बघून दे म्हणाले." ती खाटेवर बसली. "स्वतः येणार होते. मग कोट सापडला नाही."

प्रकरणाचं नाव होतं 'लुकमा'. इमामाने वाचायला घेतलं. सभागृह होतं. पहिल्या रांगेतले 'काही श्रमिक बांधव' होते, हातात गुलाब, म्हणजे संवादाची तयारी. इमाम या आवृत्तीत आणखी थोडा उंच झाला होता. त्याने शेवटच्या रांगेतून आपली बाजू मांडली, सगळी, एकही शब्द गाळलेला नव्हता. 'मी आदराने थांबलो,' दाजींनी लिहिलं होतं. 'त्याला बोलू दिलं. मतभेदाला जागा देणं हाच माझ्या लेखनाचा धर्म आहे.'

इमामाने ते पान पुन्हा वाचलं. दाजींनी ओळ घेतली, माइकमध्ये म्हटली, मान खाली घालून म्हटली, ते कुठेच नव्हतं. या वेळी दाजींनी स्वतःचंच निम्मं काढलं होतं.

प्रकरणाच्या माथ्यावर एक आयत दिली होती. तिच्यात एक अक्षर गळलं होतं. इमामाने खाली वाकून खाटेखालून पेन्सिल शोधून काढली, अक्षर नीट लिहिलं, आणि कागद जुळवून ताईला परत दिले.

"झालं?"

"अरबी झालं."

"आणि बाकीचं? पूर्वी तर समास काळे करायचास."

"पूर्वी मी त्यांच्या मागे उभा असायचो."

ताईने कागद पिशवीत घातले. थोडा वेळ ती पिशवीचे बंद जुळवत बसली. "या प्रकरणात मी आहे का रे?" तिने विचारलं. "तुझ्या शेजारी बसले होते."

"आहेस. 'श्रोत्यांतील एक स्त्री'."

"म्हणजे आता परिचितही नाही," ताई म्हणाली, आणि निघाली.

सूर्य मावळल्यावर इमाम तिसऱ्या रांगेत उभा राहिला. शेजारच्याने जरा सरकून जागा दिली, जरा जास्तच सरकून. वजूच्या जागेतला नळ ऐकू येत होता. पुढे टायरवाल्यांनी सुरुवात केली, आणि आज, का कोण जाणे, त्यांनी ती सूरा घेतली, त्या पहाटेची, जी त्यांनी पुढे उभं राहिल्यापासून एकदाही घेतली नव्हती. मध्यावर त्यांचा आवाज दाटला. ते थांबले.

शांतता पसरली. मागे बऱ्याच जणांना पुढची ओळ येत होती. शेंबड्या पोरांनाही येते ती. कुणीच बोललं नाही.

तिसऱ्या रांगेतून इमामाने ती सांगितली.

टायरवाले तरी थांबूनच राहिले. ऐकू आलं नसेल असं म्हणायला वाव नव्हता. नळाचे थेंबसुद्धा मोजता आले असते. इमामाने पुन्हा सांगितली नाही. तो हात बांधून, टायरवाल्यांच्या पाठीकडे न बघता, खाली नजर लावून उभा राहिला.

मग टायरवाल्यांनी घसा साफ केला आणि ओळ घेतली.